विश्लेषण : नामांकित कंपनीचा सर्फबोर्ड महाग, की गावातल्या कारागिराचा? किमतीमागचे गणित काय?

टोक्यो ऑलिम्पिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी सर्फिंगमधील पुरुषांची पहिलीवहिली अंतिम लढत सुरू झाली आणि ब्राझीलच्या इटालो फरेराचा सर्फबोर्ड पहिल्याच लाटेवर मोडला. त्याने किनाऱ्यावरून दुसरा बोर्ड घेतला आणि सुवर्णपदक जिंकले. याच फरेराने लहानपणी लाटेवर उभे राहण्याचे धडे गिरवले ते मासे विकणाऱ्या वडिलांच्या शीतपेटीच्या फोमच्या झाकणावर. झाकण फुकट होते. आज तसाच फोम आत असलेल्या चांगल्या सर्फबोर्डसाठी ७०-८० हजार रुपये मोजावे लागतात. हे पैसे नामांकित कंपनीला द्यावेत की जवळच्या कारागिराला, हा कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातील सर्फरांचा जुना वाद आहे. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेत सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला असून भारतालाही त्यात स्थान मिळाले आहे. त्यामुळे हे गणित आता भारतीय किनाऱ्यांवरही महत्त्वाचे ठरते.

दोघांच्या किमतीत फरक किती?

समजला जातो त्यापेक्षा बराच कमी. अमेरिकेत नामांकित कंपनीचा सहा फुटांच्या आसपासचा नवा ‘शॉर्टबोर्ड’ साधारण ८०० ते १,००० डॉलरला मिळतो. स्थानिक कारागीर, ज्याला तिथे ‘शेपर’ म्हणतात, तसाच बोर्ड ६०० ते ९०० डॉलरमध्ये करून देतो. म्हणजे चांगल्या नावाचा स्थानिक शेपर आणि मोठी कंपनी यांच्या किमती अनेकदा एकमेकांना भिडतात. हंगाम संपताना दुकाने कंपन्यांचे जुने मॉडेल सवलतीत काढतात, तेव्हा तर कंपनीचाच बोर्ड स्वस्त पडतो.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे ‘सॉफ्टटॉप’, म्हणजे वरून मऊ फोम लावलेला शिकाऊ बोर्ड. अमेरिकेतील कॉस्टको या घाऊक दुकानांच्या साखळीत ‘वेव्हस्टॉर्म’ नावाचा आठ फुटी सॉफ्टटॉप अनेक वर्षे ९९.९९ डॉलरला विकला जात होता. तो तैवानच्या एका कंपनीचा. हजारोंच्या संख्येने एकसारखा माल काढला तर किंमत किती खाली जाऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. मात्र हा बोर्ड शिकण्यापुरता. उभ्या, वेगवान लाटेवर वळणे घेण्यासाठी कडक, हलका आणि नेमक्या आकाराचा बोर्ड लागतो. कंपनी विरुद्ध शेपर हा वाद त्याच्याविषयी आहे.

सर्फबोर्डचा खर्च कशाकशावर होतो?

बोर्डच्या पोटात फोमचा लांबट ठोकळा असतो. त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. पारंपरिक बोर्डात तो पॉलियुरेथेनचा असतो, तर नव्या पद्धतीच्या बोर्डात थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरीनचा. शेपर हा ब्लँक रंधून आणि घासून आकाराला आणतो. पुढचे टोक किती उचललेले, कडा किती गोल, तळ कुठे खोलगट, शेपूट कसे हे सगळे याच टप्प्यात ठरते. त्यानंतर त्यावर काचतंतूचे कापड पसरून रेझिन ओतले जाते. या कामाला ‘ग्लासिंग’ म्हणतात. रेझिन सुकले की पुन्हा घासकाम होते आणि तळाला पंखासारखी पाती, म्हणजे ‘फिन’, बसवण्याची खाच केली जाते.

यात महागडा कच्चा माल नाही. खर्च होतो तो मुख्यतः कुशल हातांवर. शेपिंगला काही तास लागतात, ग्लासिंग आणि घासकामाला त्याहून जास्त वेळ जातो. बरेच शेपर ग्लासिंग स्वतः करत नाहीत, ते वेगळ्या ग्लासिंग कारखान्याकडे देतात. त्यामुळे ग्राहकाने दिलेल्या पैशातील सर्वात मोठा वाटा अनेकदा ग्लासिंगकडे जातो, शेपरकडे नाही.

नामांकित कंपनीचा बोर्ड प्रत्यक्षात घडवतो कोण?

बोर्डवर ज्याची सही असते त्याने तो हाताने घडवलेला असतोच असे नाही. मोठ्या कंपन्यांचे बहुतेक बोर्ड संगणकावर आखले जातात आणि यंत्र फोम कापून जवळपास अंतिम आकार देते. हे काम काही मिनिटांत होते. मग कामगार यंत्राच्या रेघा घासून काढतो. मूळ शेपरच्या नावाने असे काम करणाऱ्याला या धंद्यात ‘घोस्ट शेपर’ म्हणतात. यात फसवणूक आहे असेही नाही. लाटेवर उत्तम चाललेला एखादा बोर्ड जसाच्या तसा पुन्हा काढणे हाताला अवघड जाते, यंत्राला सहज जमते. आज अनेक स्थानिक शेपरही भाड्याने यंत्रावर ब्लँक कापून घेतात. त्यामुळे ‘कंपनी म्हणजे यंत्र आणि स्थानिक म्हणजे हात’ ही विभागणी आता तितकीशी खरी राहिलेली नाही.

खरे तर बहुतेक मोठी नावे कधीकाळी स्थानिक शेपरचीच होती. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे अल मेरिक यांनी १९६९ मध्ये चॅनेल आयलंड्स सुरू केली. तिच्या बोर्डांवर टॉम करेन, केली स्लेटर असे विश्वविजेते घडले. २००६ मध्ये बर्टन या स्नोबोर्ड कंपनीने ती विकत घेतली आणि २०२० मध्ये ती पुन्हा मेरिक कुटुंबाकडे आली. काही कंपन्या आपली आरेखने परवान्यावर देतात. म्हणजे नाव कॅलिफोर्नियाचे, पण बोर्ड ऑस्ट्रेलिया, ब्राझील किंवा युरोपातील कारखान्यात तयार होतो आणि मूळ शेपरला प्रत्येक बोर्डमागे ठरावीक रक्कम मिळते.

थायलंडमध्ये मजुरी कमी, मग तिथला बोर्ड स्वस्त का नाही?

थायलंडमधील चोनबुरी प्रांत हे सर्फबोर्ड उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. कोब्रा इंटरनॅशनल हा या क्षेत्रातील बडा कारखाना तिथेच आहे आणि फायरवायरसारख्या कंपनीचे बोर्डही थायलंडमध्येच तयार होतात. चोनबुरीत जानेवारी २०२५ पासून किमान वेतन दिवसाला ४०० बात, म्हणजे सुमारे १२ डॉलर झाले. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होते. थोडक्यात, तिथला दिवस इथल्या तासापेक्षा स्वस्त. तरीही दुकानातल्या किमतीत हा फरक दिसत नाही.

याची तीन कारणे सांगता येतील. पहिले, थायलंडमध्ये तयार होणारे अनेक बोर्ड पॉलिस्टायरीन, इपॉक्सी आणि लाकडाचे किंवा अन्य पातळ थर अशा गुंतागुंतीच्या पद्धतीने बनतात. त्यात टप्पे जास्त आणि वेळही जास्त लागतो. दुसरे, बोर्ड हलका असला तरी जागा खूप अडवतो. त्यामुळे जहाजवाहतूक, गोदाम आणि दुकानातली जागा यांचा खर्च वजनाच्या मानाने मोठा असतो. तिसरे म्हणजे नावाचा खर्च. नामांकित सर्फरांचे करार, जाहिराती, चित्रफिती आणि स्पर्धांचे प्रायोजकत्व हे सगळे त्याच किमतीतून भागवायचे असते. मजुरीत वाचलेला पैसा असा वाटेतच खर्ची पडतो.

त्यात व्यापारयुद्धाची भर पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने थायलंडहून येणाऱ्या मालावर १९ टक्के ‘जशास तसे’ आयातशुल्क लावले. हे शुल्क पुढे न्यायालयीन वादातही सापडले. वरवर पाहता अशा शुल्काचा फायदा स्थानिक शेपरला व्हायला हवा. पण काचतंतूचे कापड, रेझिन, फिन यांतला बराच माल तोही बाहेरूनच आलेला वापरतो. त्यामुळे शुल्काची झळ दोघांनाही बसते, फक्त कमी-जास्त प्रमाणात.

‘ब्लँक मंडे’ काय होता?

या व्यवसायाचे आजचे रूप समजून घ्यायचे तर ५ डिसेंबर २००५ या तारखेकडे जावे लागते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्सा लाकडाऐवजी पॉलियुरेथेन फोम वापरायला सुरुवात केली. क्लार्क यांनी १९६१ मध्ये ‘क्लार्क फोम’ ही स्वतंत्र कंपनी काढली. पुढच्या चार दशकांत अमेरिकेतील बहुतेक शेपर, मोठे असोत वा लहान, त्यांच्याच ब्लँकवर अवलंबून राहिले. त्या सोमवारी क्लार्क यांनी एक पत्र पाठवून कंपनी तडकाफडकी बंद केली. विषारी रसायनांच्या वापरावरून सरकारी यंत्रणांशी होणारा संघर्ष आणि कायदेशीर जबाबदारीची भीती अशी कारणे त्यांनी दिली. साचेही मोडून टाकले गेले.

ब्लँकच्या किमती रातोरात उसळल्या आणि अनेक छोट्या शेपरांना फोमच मिळेना. ही पोकळी नव्या पुरवठादारांनी, इपॉक्सी बोर्डांनी आणि आशियातून येणाऱ्या तयार मालाने भरून काढली. कालांतराने ब्लँकचा पुरवठा पूर्ववत झाला, पण आयात बोर्डांना एकदा मिळालेली जागा त्यांच्याकडेच राहिली. एकाच पुरवठादारावर उभा असलेला कुटीरोद्योग किती नाजूक असतो, याचा हा धडा होता.

मग स्थानिक शेपरच्या हाती उरते किती?

एक ढोबळ उदाहरण घेऊ. समजा, शेपरने ग्राहकाला थेट ७५० डॉलरला बोर्ड विकला. त्यातून ब्लँकचे १०० डॉलर, ग्लासिंग कारखान्याचे ३२० डॉलर आणि जागेचे भाडे, वीज, अवजारे यांचे ६० डॉलर वजा केले तर २७० डॉलर उरतात. ग्राहकाशी चर्चा, आरेखन, शेपिंग, ने-आण असे मिळून नऊ तास लागले तर तासाला ३० डॉलर पडतात. कर आणि आरोग्यविमा त्यातूनच भरायचा.

आता ग्राहकाने घासाघीस करून १०० डॉलर कमी करून घेतले असे समजू. ग्राहकाच्या लेखी ही १३ टक्क्यांची सवलत. शेपरच्या लेखी मात्र त्याच्या कमाईतली ३७ टक्के कपात आहे, कारण फोमवाला आणि ग्लासिंगवाला आपला दर कमी करत नाहीत. तासाची कमाई १९ डॉलरच्या खाली येते, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किमान वेतनाच्या जवळ. ‘ओळखीतला आहे, थोडे कमी करेल’ या अपेक्षेचा भार थेट त्याच्या श्रमावर पडतो.

कंपनीचे गणित वेगळे आहे. ९०० डॉलरच्या बोर्डवर दुकानदाराने पाव हिस्सा ठेवला तर कंपनीकडे ६७५ डॉलर जातात. त्यातून कारखाना, वाहतूक आणि जाहिरात भागवून एका बोर्डमागे उरणारा नफा फार नसतो, पण बोर्ड हजारो असतात. दुकानदारालाही बोर्डवर कपड्यांइतका नफा मिळत नाही. म्हणून बोर्ड ग्राहकाला आत आणतो आणि टी-शर्ट, चड्ड्या, चपला दुकान चालवतात, असे या व्यवसायात मानले जाते. स्थानिक शेपरकडे तो आधार नसतो. बोर्ड हेच त्याचे एकमेव उत्पन्न.

महागाईशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात चांगला शॉर्टबोर्ड साडेतीनशे-चारशे डॉलरच्या आसपास मिळत असे. अमेरिकेतील महागाईचा हिशेब केला तर ती रक्कम आजच्या आठशे-नऊशे डॉलरच्या घरात जाते. म्हणजे बोर्ड महाग झाला असे वाटत असले, तरी खऱ्या अर्थाने तो होता तिथेच आहे. या काळात कॅलिफोर्निया आणि सिडनीच्या किनारपट्टीवरील जागांचे भाडे मात्र कितीतरी पुढे गेले. त्यामुळे शेपरांच्या शेड किनाऱ्यापासून आत सरकल्या किंवा बंद पडल्या.

चांगले आरेखन करूनही शेपर श्रीमंत का होत नाही?

कारण या व्यवसायात आकारावर मालकी सांगण्याची पद्धत फारशी रुजली नाही. सिडनीजवळील नॅराबीनचा शेपर आणि सर्फर सायमन अँडरसन याने १९८० मध्ये तीन फिनचा ‘थ्रस्टर’ बनवला. १९८१ मध्ये त्याने त्यावर मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि काही वर्षांत जगभरचे शॉर्टबोर्ड तीन फिनचे झाले. अँडरसनने त्याचे पेटंट घेतले नाही. आजही जगात सर्वाधिक वापरली जाणारी ही रचना प्रत्येक शेपर मोकळेपणाने वापरतो. यामुळे खेळ वेगाने पुढे गेला, पण शोध लावणाऱ्याला त्याचा आर्थिक मोबदला मिळाला नाही. ज्याच्याकडे नाव, वितरण आणि प्रसिद्ध खेळाडू आहेत, तो दुसऱ्याच्या कल्पनेवरही माल खपवू शकतो.

ग्राहकाने निवड कशी करावी?

अगदी नवशिक्याने या वादात पडू नये. त्याच्यासाठी सॉफ्टटॉप किंवा वापरलेला जाड बोर्ड पुरेसा असतो. ज्याला एखादे प्रसिद्ध मॉडेल माहीत आहे, जो पुढे बोर्ड विकून दुसरा घेणार आहे, त्याला कंपनीचा बोर्ड सोयीचा. ओळखीच्या नावाला वापरलेल्या मालाच्या बाजारातही गिऱ्हाईक लवकर मिळते.

स्थानिक शेपरची खरी किंमत वेगळ्या ठिकाणी आहे. तो ग्राहकाचे वजन, उंची, वय आणि मुख्य म्हणजे त्या किनाऱ्याची लाट पाहून बोर्ड घडवतो. दुकानातले बोर्ड ठरावीक मापांत येतात. ९० किलोच्या पन्नाशीतल्या माणसाला २५ वर्षांच्या विजेत्याच्या नावाचा बोर्ड शोभतो, पण त्यावर त्याला लाट मिळत नाही. बोर्ड नीट चालला नाही तर शेपरकडे परत जाऊन पुढच्या वेळी काय बदलायचे ते ठरवता येते, भेग पडली तर तोच किंवा त्याच्या ओळखीचा दुरुस्ती करून देतो. त्याच्या बाजूने सवलत मागण्यापेक्षा हे सगळे मागून घेणे अधिक शहाणपणाचे. मात्र तो उशीर करू शकतो आणि प्रत्येक स्थानिक शेपर निष्णात असतोच असेही नाही. त्याचे दोन-चार बोर्ड पाण्यात पाहूनच पैसे द्यावेत.

भारतात स्थिती काय?

भारतात मुलकी, कोवलम, महाबलीपुरम, वर्कला, पुदुच्चेरी आणि गोव्यातील अश्वे-मोरजी या किनाऱ्यांवर सर्फिंग रुजते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथे झालेल्या आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेत रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. पण बोर्ड घडवणारा मोठा उद्योग इथे उभा राहिलेला नाही. त्यामुळे भारतीय सर्फरपुढे ‘कंपनी की शेपर’ हा पर्याय फारसा नसतोच. त्याला ‘आयात की जुना’ यातून निवड करावी लागते.

आयातीचे गणित कठीण आहे. हवाई मालवाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होते. बोर्डचा खोका १९० सेंटिमीटर लांब, ५५ रुंद आणि १५ उंच असेल तर नेहमीच्या सूत्राप्रमाणे, म्हणजे घनसेंटिमीटर भागिले ५,०००, त्याचे वजन ३१ किलो धरले जाते. प्रत्यक्षात बोर्ड असतो तीन-चार किलोंचा. त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो. म्हणून परदेशातील शेपरकडून एकच बोर्ड करून मागवणे सर्वात महाग पडते आणि कंटेनरमधून एकगठ्ठा येणारा कंपनीचा माल तुलनेने स्वस्त. मच्छीमार वस्तीतून पुढे आलेली अनेक मुले पर्यटक मागे ठेवून गेलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या बोर्डांवर खेळतात, ते यामुळेच.

कोकण-गोव्याला यात संधी आहे का?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आहेत. काचतंतू आणि रेझिन हेच त्यांचेही साहित्य. म्हणजे ग्लासिंग आणि दुरुस्तीच्या कामाची ओळख या किनाऱ्याला आधीपासून आहे. कमतरता आहे ती चांगल्या ब्लँकची, आकार देण्याच्या अनुभवाची आणि पुरेशा गिऱ्हाइकांची. होडी जड चालते, बोर्ड काही ग्रॅमनेही बदलतो. त्यामुळे हे कौशल्य एका दिवसात एकातून दुसऱ्यात जाणार नाही. पण दुरुस्तीपासून सुरुवात होऊ शकते. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियातही कित्येक शेपर मोडके बोर्ड सांधत सांधतच शिकले.

या कामातला धोकाही ओळखायला हवा. पॉलिस्टर रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ आणि फोमची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. योग्य मुखपट्टी आणि हवेशीर जागा यांचा खर्च किमतीत धरला नाही तर स्वस्त बोर्डाची किंमत कारागिराच्या छातीतून वसूल होते.

पुढे काय?

यंत्रे आणखी अचूक होतील, आशियातील कारखाने आणखी चांगला माल काढतील आणि कंपनीच्या बोर्डची किंमत शेपरच्या किमतीला भिडलेलीच राहील. किमतीच्या स्पर्धेत शेपर जिंकणार नाही, कारण त्याच्याकडे कापण्यासारखा दुसरा खर्चच नाही. तो टिकेल तो मापाने घडवण्याच्या आणि त्या किनाऱ्याच्या ज्ञानाच्या जोरावर, आणि त्यासाठी पूर्ण दाम देणारे ग्राहक असतील तरच. भारतात प्रश्न उलट बाजूने येतो. इथे कारागीर टिकवायचा नाही, आधी घडवायचा आहे. आशियाई स्पर्धेतील पदकामुळे खेळाकडे लक्ष वळेल, पण पदक जिंकणाऱ्याचा बोर्ड मोडला तर तो सांधायला आणि नवा करून द्यायला किनाऱ्यावर कोणीतरी असावे लागेल.